कायमची नोकरी की तासाचा दर? भोसरीतल्या एका मोल्ड डिझायनरचं प्रकरण

मी पिंपरी-चिंचवड भागात करसल्लागार म्हणून काम करतो. हे प्रकरण माझ्याकडे विवरणपत्र भरायला येणाऱ्या एका गृहस्थांचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे सोयीसाठी थोडे गोल केले आहेत. त्यांना इथे नुसतं ‘डिझायनर’ म्हणू.

पार्श्वभूमी

डिझायनर 43 वर्षांचे. टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा, आणि जून 2010 पासून भोसरी एमआयडीसीतल्या तीसेक माणसांच्या एका टूल रूममध्ये (साचे बनवणाऱ्या कारखान्यात) नोकरी. काम प्लास्टिकच्या मोल्डचं, म्हणजे प्लास्टिकचे पार्ट ज्यात तयार होतात त्या साच्यांचं. पार्टची ड्रॉइंग आली की पार्टिंग लाइन (साच्याचे भाग जुळतात ती रेषा) कुठे घ्यायची, स्लायडर (बाजूला सरकणारे भाग) लागतील का, गेट (प्लास्टिक आत शिरण्याची जागा) कुठे द्यायचा, पार्ट बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिना कुठे बसतील हे ठरवायचं. मग पूर्ण थ्री-डी डिझाइन करून मशीन शॉपला द्यायचं आणि पहिल्या ट्रायलला स्वतः उभं राहायचं. या धंद्यात चांगला डिझायनर म्हणजे टी-वन म्हणजे पहिल्या ट्रायललाच बऱ्यापैकी शॉट (साच्यातून निघालेला नग) काढून दाखवणारा माणूस, आणि यांचं तसं नाव आहे.

पगार महिन्याला एक लाख, त्यात बेसिक पन्नास हजार. पीएफ, प्रोफेशन टॅक्स आणि इन्कम टॅक्स जाऊन हातात सत्त्याऐंशी हजार. दिवाळीला एक बेसिक बोनस. मोशीत टू बीएचके, त्याचा हप्ता सव्वीस हजार. पत्नी घरी शिकवण्या घेतात. दोन मुलं शाळेत. आई-वडील सोबत राहतात. वडील 71 वर्षांचे, अँजिओप्लास्टी झालेली, शुगर आहे.

डिसेंबर 2024 मध्ये चाकणच्या एका कंपोनंट कंपनीने विचारलं. त्यांना नव्या मॉडेलसाठी मोल्डची रांग लागणार होती आणि रोलवर, म्हणजे कंपनीच्या पटावर, माणूस घ्यायला वरून मंजुरी नव्हती. तासाला 900 रुपये दर, वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. “महिन्याला दोनशे तास कुठे जात नाहीत,” असं तिथल्या टूलिंग हेडने सांगितलं. म्हणजे महिन्याला एक लाख ऐंशी हजार.

प्रश्न कसा मांडला गेला

घरात प्रश्न असा मांडला गेला: सत्त्याऐंशी हजार की एक लाख ऐंशी? असं विचारलं की उत्तर एकच येतं. वडिलांचा आक्षेप वेगळा होता. “कायमची नोकरी सोडून रोजंदारीवर जायचं?” वडील आयुष्यभर कंपनीत कामगार होते, त्यांच्या पिढीने कायम होण्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिलेली. डिझायनरना ते जुनाट वाटलं. मला मात्र त्या घरात सगळ्यात नेमकं बोलणारे तेच वाटले. तासाचा दर म्हणजे काम असेल त्या तासाचेच पैसे, एवढंच ते म्हणत होते.

दोन आकडे शेजारी ठेवण्यात चूक होती. एक आकडा सगळी वजावट झाल्यानंतरचा होता, दुसरा काहीच वजा न झालेला. एकात रजा, आजारपण, सणवार धरलेले होते, दुसऱ्यात दोनशे तास गृहीत धरलेले होते.

वर्षाचा हिशेब

आम्ही महिना सोडून वर्ष धरलं. नोकरीच्या बाजूला पगाराचे बारा लाख, बोनसचे पन्नास हजार, मालकाचा पीएफ वाटा बेसिकच्या 12 टक्के म्हणजे 72 हजार. ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांच्या बेसिकने (महिन्याचा बेसिक 26 ने भागून, गुणिले 15) साधारण 28,800 जमा होत होती. ही रक्कम हातात येत नाही, म्हणून लोक ती मोजत नाहीत. ग्रुप मेडिक्लेममध्ये सहाही माणसं होती; तेवढंच कव्हर बाहेर घ्यायचं तर वर्षाला एक लाख दहा हजारांपर्यंत जाईल असं कोटेशन आलं. बेरीज झाली चौदा लाख साठ हजार.

कॉन्ट्रॅक्टच्या बाजूला पहिला प्रश्न तासांचा. डिझायनरनी टूल रूममधल्या आपल्याच जुन्या जॉबच्या नोंदी काढल्या. कस्टमरच्या ड्रॉइंगची वाट पाहणं, मीटिंगा, ट्रायलच्या दिवशी मशीन मोकळं होईपर्यंत ताटकळणं हे सगळं वगळून, मोल्डच्या नावावर टाकता येतील असे तास महिन्याला दीडशेच्या आसपासच भरत होते. सण, आजारपण, गावाकडचं लग्नकार्य यांसाठी वर्षातला एक महिना सोडला. 900 गुणिले 150 गुणिले 11 म्हणजे चौदा लाख पंच्याऐंशी हजार. त्यातून कॉम्प्युटरची झीज, पेट्रोल, टर्म इन्शुरन्स, हिशेबनिसाची फी असे नव्वद हजार वजा. उरले तेरा लाख पंच्याण्णव हजार.

म्हणजे दुप्पट वाटलेली ऑफर प्रत्यक्षात पगारापेक्षा कमी होती.

इथे आम्ही हिशेब उलटा केला. नोकरीइतके पैसे सुटायला वर्षाला किती तासांचं बिल व्हायला हवं? 900 दराने 1,723 तास. दर वाढवून 1,100 मिळाला तर 1,410 तास. पुढच्या सगळ्या वाटाघाटीत 1,410 हा एकच आकडा डिझायनरनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता.

टॅक्सबद्दल थोडं, कारण ‘कन्सल्टंट झालं की टॅक्स वाचतो’ हे वाक्य प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येतं. त्या वेळी लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्यातलं (पुढे येणारी आयकराची कलमंही त्यातलीच) कलम 44 एडीए इंजिनिअरिंगसारख्या व्यवसायांना लागू होतं. त्यात मिळकतीच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते, खर्चाची पावती न् पावती ठेवावी लागत नाही. जानेवारीत हा मुद्दा कॉन्ट्रॅक्टच्या बाजूने जड होता, कारण त्यांच्या पगारावर वर्षाला एकोणऐंशी हजार टॅक्स बसत होता. मग 1 फेब्रुवारी 2025 चा अर्थसंकल्प आला. आयकराच्या नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य, पगारदाराला पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट वर. त्यांचा साडेबारा लाखांचा पगारही शून्यावर आला आणि कॉन्ट्रॅक्टचं निम्मं उत्पन्नही शून्यावर. टॅक्सचा मुद्दाच निकालात निघाला.

हातात पैसे कधी येतात हा प्रश्न मात्र राहिला. व्यावसायिक फीवर कलम 194 जे खाली दर बिलातून 10 टक्के टीडीएस कापला जातो. देय कर शून्य असला तरी तो कापला जातोच आणि विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. तोवर महिन्याला सोळा-सतरा हजार सरकारकडे पडून.

कोणते पर्याय होते

चाकणच्या कंपनीत रोलवर, निदान मुदतबंद नोकरीवर जाणं हा पर्याय आम्ही विचारून पाहिला. मंजुरी नाही म्हणून तो तिथेच संपला. टूल रूममध्येच राहून शनिवार-रविवारी बाहेरचं डिझाइन करणं हा या पट्ट्यात सर्रास चालणारा मार्ग, पण नेमणूकपत्रात त्याला मनाई होती आणि कस्टमर सामाईक होते. डिझायनरनीच तो नको म्हटला.

तिसरा पर्याय मालकांशी बोलण्याचा. हे बोलणं फेब्रुवारीत झालं. “अरे, पंधरा वर्षं इथे काढलीस आणि आता तासावर जाणार?” मालक दुखावले, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक लाख पंधरा हजार देऊ केले.

मला या सबंध प्रकरणात हा टप्पा सर्वांत अवघड वाटतो. पंधरा हजारांची वाढ धरली की बरोबरी साधायला लागणारे तास 1,410 वरून जवळपास 1,575 वर जातात. निव्वळ पैशात पाहिलं तर राहणं आणि जाणं यात फारसा फरक उरत नव्हता, आणि जोखीम सगळी जाण्याच्या बाजूला होती. मी तसं स्पष्ट सांगितलं.

तरी ते गेले. कारण त्यांनी मला जे सांगितलं ते पगाराच्या चिठ्ठीत दिसत नव्हतं. दोन ज्युनिअर डिझायनर सोडून गेले होते आणि त्यांच्या जागा भरल्या नव्हत्या. धाकटे मालक डिझाइन बाहेरून करून घेण्याची चाचपणी करत होते. वाढ तोंडी होती, पत्र ‘एप्रिलनंतर बघू’. तीस माणसांच्या टूल रूममधली कायमची नोकरी ही दोन मोठ्या कस्टमरच्या ऑर्डरइतकीच कायम असते. वडिलांच्या काळात कायम या शब्दामागे जे होतं ते इथे नव्हतंच. हे ऐकल्यावर माझा विरोध मावळला, पण अट घातली: करारात तासांची हमी हवी.

करारावर काय झालं

चाकणहून आलेला मसुदा सहा पानी होता आणि तो उघडच हाउसकीपिंगच्या ठेकेदारासाठी केलेल्या करारावरून उचललेला होता. त्यात ‘मनुष्यबळाने गणवेश परिधान करावा’ हे कलमही तसंच राहिलं होतं.

दरावर फार ओढाताण झाली नाही. यांनी 1,200 मागितले, 1,100 वर ठरलं. हमीवर झाली. डिझायनरना महिन्याला 130 तास हवे होते, कंपनी कशालाच तयार नव्हती. शेवटी 120 वर जमलं. बारा महिन्यांचे 1,440 तास. वहीतल्या आकड्याच्या थोडे वर. म्हणून तिथे थांबलो.

खरा धोका नुकसानभरपाईच्या कलमात होता. डिझाइनमधल्या चुकीने होणारं ‘सर्व नुकसान’ कन्सल्टंटने भरून द्यायचं, असं लिहिलं होतं. मोल्डचं स्टील एकदा कापलं की परत जोडता येत नाही. वेल्डिंग करून भागलं तर ठीक, नाहीतर इन्सर्ट (साच्यात बसणारा सुटा तुकडा) नवा. मोठ्या मोल्डचं काम लाखांत जातं आणि कस्टमरची लाइन थांबली तर त्याचा दंड निराळा. नोकरीत असताना अशी चूक झाली की मालक ओरडतो, पण पैसे कंपनी भरते. इथे भरपाईची मर्यादा ‘त्या मोल्डच्या डिझाइनपोटी मिळालेल्या फीइतकी’ अशी घालून घेतली. शिवाय कंपनीच्या इंजिनिअरने डिझाइनवर सही केल्याशिवाय स्टील कापायचं नाही, हेही लिहून घेतलं. पार्टच्या ड्रॉइंगमध्ये कस्टमरने बदल केला तर त्याचे तास वेगळे लागतील, हे वाक्यही डिझायनरनी स्वतः घातलं. पंधरा वर्षांत त्यांनी ‘छोटासा चेंज आहे’ हे किती वेळा ऐकलं असेल!

सॉफ्टवेअरचं लायसन्स कंपनीने द्यायचं ठरलं. थ्री-डी डिझाइनच्या मोठ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स एकट्या माणसाला झेपत नाही, आणि चोरीची प्रत वापरणं म्हणजे स्वतःच्या नावावर खटला ओढवून घेणं. पण मग काम त्यांच्या ऑफिसात, त्यांच्या मशीनवर आलं. एचआरने लगोलग हजेरीच्या मशीनवर अंगठा लावायला सांगितला. त्याला आम्ही नकार कळवला. वेळ, जागा, साधनं, देखरेख सगळं कंपनीचं असेल तर तो माणूस कागदावर कन्सल्टंट आणि प्रत्यक्षात नोकर ठरतो. वाद झाला तर न्यायालयं कागदावरच्या नावापेक्षा ताबा कुणाचा हे बघतात. तासांची नोंद प्रकल्पाच्या शीटवर ठेवायची, अंगठा नाही, असं ठरलं.

जीएसटीचा नंबर परचेसने, म्हणजे कंपनीच्या खरेदी विभागाने, मागितला. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला वीस लाखांची. अपेक्षित बिल अठरा लाखांच्या घरात. आधीच नोंदणी केली असती तर बिलाचे पैसे येवोत न येवोत, त्यावरचा 18 टक्के कर वेळेत भरावा लागला असता. मर्यादा ओलांडेपर्यंत थांबायचं ठरवलं. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र केली. सूक्ष्म उद्योगाला लेखी करारानुसार जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर आयकर कायद्याच्या कलम 43 बी (एच) मुळे देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षात वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षीच मिळतो.

एक कलम कुणी हलवलं नाही: पूर्वपरवानगीशिवाय दुसऱ्या कुणाचं डिझाइनचं काम घ्यायचं नाही. डिझायनरना वाटलं, दुसरं काम करायला वेळ तरी कुठे असणार.

निघताना

राजीनामा फेब्रुवारीअखेर, शेवटचा दिवस 31 मार्च 2025. नेमणूकपत्रात ‘दोन वर्षं कस्टमरकडे काम करणार नाही’ असं होतं. नोकरी सुटल्यानंतरचं असं बंधन 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकत नाही, पण गोपनीयतेचं बंधन टिकतं. त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेली स्टँडर्ड पार्टची थ्री-डी लायब्ररी तिथेच सोडली. पेन ड्राइव्हवर घेऊन जाणारे खूप असतात; यांनी घेतली नाही आणि तसं हँडओव्हरच्या मेलमध्ये लिहिलं.

ग्रॅच्युइटी 14 वर्षं 10 महिन्यांची, म्हणजे 15 वर्षं धरून चार लाख तेहतीस हजार. घरातून गाडीचा विषय निघाला होता. ती रक्कम बँकेत मुदत ठेवीत टाकली आणि तिला हात लावायचा नाही असं ठरलं. पीएफ काढला नाही. दहा वर्षांहून जास्त सेवा असल्याने पेन्शनचा हक्क वयाच्या 58 व्या वर्षासाठी शाबूत राहिला. पीएफसोबत येणारं सात लाखांपर्यंतचं विमा कवच मात्र संपलं, म्हणून टर्म इन्शुरन्स वाढवला.

मेडिक्लेमवर पत्नींनी सगळ्यात जास्त वेळ घालवला. “अहो, बाकी सगळं होईल, पण बाबांचं काय?” हा प्रश्न त्यांनी पहिल्या बैठकीपासून लावून धरला होता. नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा लागू शकते. नोकरी सुटण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज केला. प्रीमियम जास्त आणि वडिलांसाठी 20 टक्के खर्च स्वतः भरायची अट, पण जुनी वर्षं धरली गेली. वडील सत्तरीच्या पुढचे असल्याने त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढलं. पाच लाखांचं ते कवच फक्त यादीतल्या रुग्णालयांत चालतं, हे लक्षात ठेवून.

पुढे काय घडलं

एप्रिलचं बिल 30 तारखेला गेलं. करारात तीस दिवस होते, पैसे जूनच्या मध्यावर आले, तेही टीडीएस कापून. मार्चच्या पगारानंतर अडीच महिने डिझायनरच्या कामाचा एक रुपया घरात आला नाही. मुदत ठेव मोडावी लागली नाही, पण बचत खातं तळाला गेलं.

एप्रिल ते जुलै काम भरपूर. 165, 172, 168, 158 तास. चार महिन्यांत त्यांनी एकही रजा घेतली नाही. दिवसाची रजा म्हणजे आठ हजार आठशे गेले, असा हिशेब डोक्यात बसला होता. पत्नींना हे मला फोन करून सांगावंसं वाटलं, यावरून काय ते समजावं.

ऑगस्टमध्ये मॉडेल पुढे ढकललं गेलं. तास 74, 81, 96. गणपतीत माणूस घरी, पण घोर लागलेला. हमीप्रमाणे 120 तासांचं बिल लावलं आणि परचेसने ते अडवलं. करारात हमी होती, पण सिस्टीममधल्या परचेस ऑर्डरवर ‘डिझाइन तास’ एवढीच ओळ होती. न केलेल्या तासांचं बिल बुक करायला तिथे जागाच नव्हती. टूलिंग हेड म्हणे, करार माझा. परचेस म्हणे, ऑर्डर माझी. ऑगस्ट-सप्टेंबरचे मिळून 85 तास, साडेत्र्याण्णव हजार अडकले.

तक्रार नोंदवायची की बोलायचं? सूक्ष्म-लघु उद्योगांना थकलेल्या बिलांची तक्रार करायला सरकारी पोर्टल आहे; तिथे गेलो असतो तर पैसे व्याजासह मागता आले असते, आणि नातं तिथेच संपलं असतं. डिझायनरनी कंपनीच्या फायनान्सला 45 दिवसांचा नियम आणि 43 बी (एच) ची आठवण करून देणारा एक शांत मेल पाठवला. मग बैठक झाली. दोन महिन्यांची रक्कम पूर्ण मिळाली, ऑक्टोबरच्या 24 तासांवर यांनी पाणी सोडलं. बदल्यात दुसऱ्याचं काम न घेण्याचं कलम निघालं आणि हमी 80 तासांवर आली. माझ्या मते हा सौदा चांगला झाला. हमीपेक्षा मोकळीक त्यांच्या जास्त उपयोगाची होती.

जानेवारी 2026 अखेर दहा महिन्यांत 1,435 तासांचं बिल झालं, पंधरा लाख अठ्ठ्याहत्तर हजार. 1,410 चा टप्पा पार झाला. मालकांची वाढ धरून निघालेला 1,575 चा अजून बाकी होता. डिसेंबरपासून तळेगावच्या एका छोट्या मोल्डरचं (प्लास्टिकचे पार्ट काढणाऱ्याचं) कामही सुरू झालं आणि त्यामुळे वीस लाखांची मर्यादा जवळ आल्याने जीएसटी नोंदणीची तयारी केली.

काय वेगळं करता आलं असतं

हमी करारात मिळवली, पण ती परचेस ऑर्डरवर स्वतंत्र ओळ म्हणून आली का, हे कुणी पाहिलं नाही. मोठ्या कंपनीत पैसे करार बघून निघत नाहीत, ऑर्डर बघून निघतात. पहिल्या बिलाआधी ऑर्डरची प्रत मागवली असती तर तीन महिन्यांची ओढाताण टळली असती.

टीडीएसबाबत तेव्हाच्या कलम 197 खाली कमी कपातीचं प्रमाणपत्र मागता येत होतं. एप्रिलमध्ये अर्ज करायला हवा होता. त्यांनी ‘परत तर मिळणारच आहे’ म्हणून टाळला आणि दीड लाखाहून अधिक रक्कम वर्षभर अडकली.

दुसरं काम न घेण्याचं कलम हे हमीच्या बदल्यातच मान्य करायला हवं होतं: हमी पाळली तर बंधन, नाहीतर नाही. सुरुवातीला दोन्ही गोष्टी सुट्या राहिल्या, म्हणून ऑगस्टमध्ये हातात काम नाही आणि बाहेर जायची मुभाही नाही अशी कोंडी झाली.

मालकांची वाढ लेखी मागायला हवी होती का, यावर आमचं अजून एकमत नाही. डिझायनर म्हणतात, पत्र मिळालं असतं तर पाय निघाला नसता. मी म्हणतो, मिळालं असतं तर ठरवायला खरा आकडा मिळाला असता.

नव्या वर्षासाठी चाकणच्या कंपनीने आता मुदतबंद नोकरी देऊ केली आहे, दोन वर्षांची, रोलवर. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार अशा नोकरीत एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. स्वतंत्र कन्सल्टंटला तो नाही. त्यांच्या आकड्यात पीएफ आणि मेडिक्लेम धरून वर्षाला सतरा लाख होतात, पण तळेगावचं काम सोडावं लागेल. डिझायनरनी त्यांच्याकडून पगाराचं पूर्ण विवरण लेखी मागितलं आहे आणि आई-वडील मेडिक्लेममध्ये बसतात का, हेही विचारलं आहे. उत्तर यायचं आहे.